लोखंडी कढईतले भट

आमच्या लातूर जिल्ह्यात श्रावण-भाद्रपदात कोणत्याही वाटेने निघा, नजर पोचेल तिथवर सोयाबीनच दिसते. पूर्वी जिथे ज्वारी, मूग, उडीद आणि मधूनमधून तुरीच्या ओळी असत, तिथे आता हे एकच पीक. दसऱ्याच्या सुमारास काढणी होते, मळणीयंत्र घरघरू लागते, पोती शिवली जातात, टेम्पो येतो आणि माल अडतीवर जातो. घरी राहते ती जनावरांपुढे टाकायची गुळी. मग त्याच सोयाबीनचे तेल पिशवीतून आणि वड्या पुड्यातून आम्ही वाण्याकडून पैसे मोजून आणतो. यात काही चुकते आहे, असे आम्हांला कधी वाटलेही नव्हते.

काही वर्षांपूर्वी तुरीची डाळ फार महाग झाली होती. तेव्हा मी मनाशी म्हटले, घरात पोत्यांची थप्पी लागली आहे, एक दिवस याचीच उसळ करून पाहू. मटकीसारखे तासभर भिजत घातले, फोडणी दिली, पाणी घालून झाकण ठेवले. तासाभराने पाहते तर दाणे तसेच टणक, आणि घरभर कच्च्या शेंगेसारखा उग्र वास. भुकेल्या मुलांनी तसेच चावून खाल्ले आणि रात्री पोटे धरून बसली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्ये खायाचं नसतंय. त्ये इकायचं असतंय." उरलेली उसळ म्हशीपुढे गेली आणि तो विषय तिथेच संपला.

तो पुन्हा निघाला तो आमच्या शिवारापासून दूर, हिमालयाच्या पायथ्याशी.

माझे धाकटे दीर सैन्यात आहेत. त्यांची बदली उत्तराखंडात राणीखेतला झाली. "वहिनी, एकदा बर्फाचे डोंगर पाहून जा," असे त्यांचे किती दिवस चालले होते. २०२४ च्या दिवाळीनंतर रान मोकळे झाले, तेव्हा आम्ही दोघे निघालो. खरे सांगायचे तर मन फारसे प्रसन्न नव्हते. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात अनेकांचा माल त्याहून बऱ्याच कमी भावाने गेला. आमचाही गेला. गाडीत बसल्यापासून ह्यांच्या तोंडी तोच हिशेब होता.

दिल्लीहून रात्रीची गाडी धरली की सकाळी काठगोदाम येते. तिथे रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. त्याच्या अलीकडे सपाटीवर पंतनगर लागते. तिथले कृषी विद्यापीठ १९६० सालचे. आपल्या शेतात दिसणारे पिवळे सोयाबीन याच दशकात अमेरिकेतून आणून पंतनगर आणि जबलपूर येथे लावून पाहिले गेले. पुढे जबलपूरहूनच 'जेएस ३३५' हे वाण निघाले आणि आपल्याकडे घरोघर पोचले. म्हणजे आमच्या पिकाच्या एका आजोळावरूनच आम्ही पुढे चाललो होतो.

काठगोदामहून जीपने भवालीमार्गे राणीखेत. रस्ता नुसता वळणावळणाचा. एका अंगाला चिडाची उंच झाडे, दुसऱ्या अंगाला दरी. राणीखेतला पोचलो त्या संध्याकाळी त्रिशूळ आणि नंदादेवीची शिखरे उन्हात सोन्यासारखी झाली होती. हे पंधरा मिनिटे हिशेब विसरून उभे राहिले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तिसऱ्या दिवशी भावजींनी आम्हांला त्यांच्या एका सोबत्याच्या घरी नेले. गाव सोमेश्वरजवळ, कोसी नदीच्या खोऱ्यात. बिहारात पूर आणणारी ती कोसी नव्हे. ही कुमाऊँमधलीच लहानशी नदी. नदीकाठी सपाट भातखाचरे आणि वर डोंगराला पायऱ्यांसारखी कोरलेली शेते. एकेक शेत आमच्या खळ्याएवढे. बैल वळवायलाही जागा पुरत नाही. भात निघाला होता आणि गव्हाची पेरणी चालली होती. शेतात बायाच जास्त. बरेचसे पुरुष फौजेत किंवा शहरात चाकरीला.

घर दगडाचे, वर पातळ फरश्यांचे छप्पर. खालच्या मजल्यावर गुरे आणि वर माणसे. गुरांच्या जागेला ते 'गोठ' म्हणतात हे ऐकून मला माहेरी आल्यासारखे वाटले. अंगणात सोबत्याची आई उन्हात बसून सुपात काहीतरी पाखडत होती. घरातली नातवंडे तिला 'आमा' म्हणत, म्हणून आम्हीही आमाच म्हणू लागलो. वय सत्तरीच्या पुढचे, पण हात कसे चपळ!

सुपात काळेभोर, चमकदार, लहान दाणे होते. मला वाटले उडीद असेल. विचारले तर आमा म्हणाल्या, "भट." आणि सुनेला हाक मारून सांगितले, "पाहुण्यांसाठी आज भटच शिजव." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आमच्याकडे भट सत्यनारायणाला बोलावतात, शिजवायला नव्हे! भावजी तर हसून हसून बेजार झाले.

ह्यांनी मात्र अंगणाच्या कडेला पडलेले एक वाळके झाड उचलले. शेंगेवर हात फिरवला. तीच लव, तशीच दोन-तीन दाण्यांची शेंग, मोडल्यावर तसाच आवाज. "अगं," हे म्हणाले, "हे तर सोयाबीन आहे!"

होते सोयाबीनच, पण काळे. परदेशातून पिवळे वाण येण्याच्या कितीतरी आधीपासून कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत हे काळे सोयाबीन पिकत आले आहे. मडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, शेतात ते मिसळून पेरतात. अल्मोड्याला पर्वतीय शेतीचे मोठे संशोधन केंद्र आहे. शास्त्रज्ञ बोशी सेन यांनी १९२४ साली सुरू केलेली विवेकानंद प्रयोगशाळा हे त्याचे मूळ. या केंद्राने 'व्हीएल भट ६५' सारखी भटाची सुधारित वाणेही दिली आहेत. म्हणजे हे काही गरिबाघरचे विसरलेले धान्य नव्हे. डोंगरात ते आजही मानाने ताटात येते.

मी आमांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. गॅसची शेगडी होती, पण भटासाठी चूल पेटली. आमा म्हणाल्या, "याला घाई चालत नाही." चुलीवर जाड लोखंडी कढई चढली. मोहरीचे तेल चांगले तापल्यावर जिरे आणि चिरलेला कांदा पडला. मग धुऊन, निथळून कोरडे केलेले भट. आमांनी ते हलवत ठेवले. हळूहळू तडतड सुरू झाली, दाण्यांच्या साली तडकल्या आणि आतला पिवळा भाग दिसू लागला. भाजलेल्या फुटाण्यांसारखा खमंग वास सुटला. माझ्या उसळीच्या त्या उग्र वासाचा मागमूसही नव्हता.

मग दोन मुठी तांदळाचे पीठ घालून तेही बदामी होईस्तोवर परतले. हळद, धने, लाल मिरची, मीठ आणि भरपूर पाणी. उकळी फुटल्यावर आमांनी दोन लाकडे मागे ओढली आणि मंद जाळावर कढई तासाभराहून जास्त वेळ रटरटत ठेवली. लोखंडात शिजून रस्सा काळपट आणि दाट झाला. याचे नाव 'भटाची चुडकाणी'. गरम भात, त्यावर चुडकाणी, बाजूला भांगेच्या बियांची चटणी. या बियांनी नशा चढत नाही. आपल्याकडच्या तिळासारख्याच त्या भाजून वाटतात. दाणा दाताखाली मऊ लागत होता आणि तरीही आपले अंग राखून होता. मी दोनदा भात मागून घेतला.

जेवताना शेतीच्या गोष्टी निघाल्या. आमांनी ह्यांना विचारले, "तुमच्याकडे भट किती होतात?"

हे म्हणाले, "तीन एकरांत अठरा क्विंटल झाले यंदा."

आमांचा घास हातातच राहिला. त्यांच्या साऱ्या पायऱ्या मिळून एक पोतेसुद्धा भरत नाही. मग त्यांनी सहज विचारले, "आणि घरी खायला किती ठेवता?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ताटात पाहिले. काय सांगणार? शेवटी मीच म्हणाले, "आमा, आम्ही खात नाही. सगळे विकतो."

त्या हसल्या नाहीत, की नावे ठेवली नाहीत. थोडे थांबून म्हणाल्या, "आम्ही आधी मडके भरतो. उरले तर बाजार." आणि माझ्या पानात आणखी एक पळी वाढली.

त्या रात्री थंडीमुळे म्हणा की त्या शब्दांमुळे म्हणा, झोप लवकर आली नाही. भाव पडला म्हणून आम्ही सारी वाट कुरकुरत आलो होतो. भाव पडल्याचे दुःख खरेच आहे. पण ज्या धान्यात शंभर ग्रॅमला सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात, तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट, ते अठरा क्विंटल दारातून जाताना त्यांतले अठरा किलोही आम्ही मुलांसाठी ठेवले नव्हते. तो भाव काही बाजाराने पाडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमांनी 'जौला' केला. रात्री भिजवलेले भट सकाळी पाट्यावर वाटले, पाणी घालून लोखंडी भांड्यात उकळले आणि त्यातच तांदूळ घालून खिचडीसारखे मऊ शिजवले. सोबत हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर घालून वाटलेले मीठ. आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला हे सोसते म्हणतात. भिजवलेले भट वाटून त्याची पातळ आमटी करतात, तिला 'डुबके' म्हणतात. मी एक गोष्ट लक्षात ठेवली: पदार्थ कोणताही असो, दाणा वा वाटण आगीवर भरपूर वेळ राहत होते.

परतण्याआधी जवळच्या कौसानीला जाऊन आलो. १९२९ साली महात्मा गांधी तिथे काही दिवस राहिले होते आणि गीतेवरील 'अनासक्तियोग'ची प्रस्तावना त्यांनी तिथे लिहिली. त्या जागी आता अनासक्ती आश्रम आहे. समोर हिमालयाची लांबच लांब रांग. तिथे भावजींनी एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. पुढे १९३५ साली गांधीजी आपल्या वर्ध्याला मगनवाडीत राहत असताना त्यांनी तिथल्या मंडळींच्या जेवणात सोयाबीन घेऊन पाहिले आणि त्याविषयी 'हरिजन'मध्ये लिहिलेही. गरिबाला स्वस्तात पौष्टिक अन्न मिळावे, ही त्यांची तळमळ. आज महाराष्ट्रात चाळीस लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर सोयाबीन उभे असते. वर्ध्याच्या भोवतालीही तेच. धान्य आले, पण त्याने चुलीची वाट धरली नाही.

घरी आल्यावर माझ्या भाचीला सगळे सांगितले. ती परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकली आहे. ती म्हणाली, "मावशी, आमांनी जे हाताने केले तेच आम्ही पुस्तकात शिकलो." कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारी काही द्रव्ये असतात, ती पुरेशा आचेने निकामी होतात. माझी मुले पोट धरून बसली ती अर्धकच्च्या दाण्यांमुळे. उग्र वासाचे कारण वेगळे. कच्चा दाणा पाण्यासह फुटला वा चिरडला की त्यातले एक पाचकद्रव्य तेलावर काम करू लागते आणि तो वास येतो. दाणा अख्खा असतानाच तापला तर हे द्रव्य आधीच मरते. आमा दाणे तेलात तडकवून घेत होत्या, त्याचे मर्म हे.

मग मी आपल्या पिवळ्या दाण्यावर हात चालवला. पहिल्या खेपेला थोडे कच्चे राहिले, दुसऱ्या खेपेला जमले. मैत्रिणींनो, मला जमलेली रीत अशी:

एक वाटी सोयाबीन निवडून धुवावे आणि तीन-चार वाट्या पाण्यात रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास भिजवावे. दाणे फुगून दुपटीहून जास्त होतात, म्हणून भांडे मोठे घ्यावे. उन्हाळ्यात पाण्यावर फेस येतो, तेव्हा मध्ये एकदा पाणी बदलावे. सकाळी ते पाणी टाकून दाणे हाताने चोळावेत. सुटलेल्या साली पाण्याबरोबर ओतून द्याव्यात. मग फडक्यावर निथळून कोरडे करावेत.

लोखंडी कढईत दोन पळ्या तेल तापवून जिरे, लसूण, कांदा परतावा आणि दाणे घालून चांगले तांबूस होईपर्यंत हलवावेत. ते कुकरमध्ये काढून उकळते पाणी आणि चमचाभर तेल घालावे. कुकर अर्ध्याहून कमी भरावा, कारण फेस आणि साली वर येऊन शिट्टीचे भोक बुजू शकते. एक शिट्टी झाल्यावर आच मंद करून वीस मिनिटे ठेवावे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला तरच शिजला असे समजावे. नाहीतर पुन्हा ठेवावे. चिंच किंवा टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच घालावा. आंबट आधी पडले की दाणा शिजायला फार वेळ घेतो.

आता त्याच लोखंडी कढईत, तांदळाच्या पिठाऐवजी मी आपले येसर घातले. काळा मसाला, मीठ आणि पाणी घालून दहा मिनिटे उकळले. भाकरी कुस्करून खायला असे दुसरे कालवण नाही.

पिठासाठी रीत वेगळी. निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटे उकळावे, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवावे आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणावे. न उकळलेले सोयाबीन पिठात कधीही मिसळू नये.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगते. पेरणीतून उरलेले बियाणे खाण्यासाठी वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते विषारी आहे आणि धुऊन जात नाही. पावसात भिजून काळे पडलेले, बुरशी आलेले दाणेही स्वयंपाकात घेऊ नका. पहिल्यांदा थोडेच करा. कोणाला सोयाबीन सोसत नसेल तर आग्रह नको. घरात थायरॉइडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या.

पहिल्या दिवशी सासूबाईंच्या ताटात ते कालवण वाढताना माझा हात कापत होता. त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "येसराची आमटीच की ही. दाणा कशाचा म्हणालीस?" मी सांगितले. त्यांनी वाटी पुढे केली, "घाल अजून."

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, ती सर्वांना ठाऊकच आहे. आमच्या शेतात गुडघाभर पाणी होते. जे हाती लागले ते निम्म्याहून कमी, आणि त्यातलेही बरेच डागाळलेले. टेम्पो दारात उभा राहिला. मी काही बोलणार, तोच सासूबाई काठी टेकीत आल्या, चांगल्या मालाच्या पोत्यापाशी बसल्या आणि दोन पायल्या मोजून त्यांनी पत्र्याच्या डब्यात भरल्या. टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "आता ने बाबा. आमचं ठेवून झालं."

मी त्या संध्याकाळी भावजींना फोन करून सांगितले की, आमांना कळवा, आमचेही मडके भरले.